फाल्गुनी पाठकचे गाणे भरलेला पेनड्राइव्ह: गाण्यांले पाचपैकी पाच, भरून देणाऱ्याले दोन

पहिलेच सांगून देते, मी काही गाण्यातली जाणकार नाही, मी शिलाई करते. दारव्ह्यापासून थोडं आत आमचं गाव, घरीच मशीन टाकून आहे. ब्लाउज, पेटीकोट, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस आणि नवरात्राच्या तोंडावर घागरे. दिवसाचे सात-आठ तास मशीनवर बसलं की कानाले काहीतरी लागतेच, नाही तं मशीनची तीच ती खडखड डोक्यात जाते. मोबाईलवर ऐकावं तं मधात गिऱ्हाइकाचा फोन येते, नाही तं जाहिरात येते, आणि नेट आमच्याकडे पाऊस आला की जाते, वारा आला की जाते, काहीच नाही आलं तरी जाते. म्हणून मागच्या बाजाराले तालुक्याले गेली तं एका मोबाईल शॉपीतून १६ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला आणि म्हटलं, दादा, याच्यात फक्त फाल्गुनी पाठक भरून दे, दुसरं काहीच नको. पेनड्राइव्हचे ३५० आणि भराईचे ५०. चारशे रुपये म्हणजे माझ्याकडच्या तीन साध्या ब्लाउजची शिलाई, त्याच्यामुळे हा रिव्ह्यू लिहायचा मले पूर्ण हक्क आहे. दुकानाचं नाव लिहत नाही, माणूस बोलायले चांगला आहे आणि मले त्याच रस्त्यानं जाणं-येणं आहे.

तं झालं काय, घरी आली, हातपाय धुतले, चहा मांडला आणि पेनड्राइव्ह स्पीकरले लावला. पहिलंच गाणं 'याद पिया की आने लगी'. मी खुश. आणि आवाज निघाला तं तो फाल्गुनीचा नव्हताच! २०१९ मध्ये जे नवीन करून काढलं होतं ते, नेहा कक्करचं, ज्याच्या व्हिडिओत दिव्या खोसला कुमार आहे, ते भरून दिलं. नेहा कक्कर वाईट गाते असं मी म्हणत नाही, आमच्या इकडे वरातीत तिच्याशिवाय पान हलत नाही. पण मी साखर मागितली अन् तू गूळ दिला, गोड दोन्ही असते हो, पण चहा फाटते ना बाप्पा.

पुढे पाचव्या नंबरवर 'मैंने पायल है छनकाई' पाहिजे तिथं 'ओ सजना', त्याच गाण्याचं नेहा कक्करनंच नवीन करून गायलेलं, ते २०२२ चं. ते निघालं तेव्हा लय बोंबाबोंब झाली होती, जुने ऐकणारे सगळे चिडले होते, आणि फाल्गुनी पाठकनं स्वतः पण नाराजी लपवली नव्हती. केस करायची इच्छा आहे पण गाण्याचे हक्कच माझ्याजवळ नाहीत, अशा अर्थाचं ती बोलली होती. ते वाचून मले कसंसंच झालं होतं तेव्हा. म्हणजे माप मी घेतलं, ब्लाउज मी शिवला, अन् उद्या कोणी त्याच्या बाह्या कापून झालर लावली तं मी काहीच म्हणू शकत नाही, कारण कापड गिऱ्हाइकाचं.

आता तुम्ही म्हणाल एवढं काय त्या फाल्गुनीचं. तं ऐका.

१९९९ चं साल, मी नववीत होती. गावात टीव्ही होते पण दूरदर्शन, तेही अँटिना फिरवू फिरवू, एक जण वर चढून 'आलं का' म्हणे अन् खालून आम्ही 'मुंग्याच आहे' म्हणत असू. केबल होतं यवतमाळले मामाकडे. तं आमच्यापर्यंत फाल्गुनी आली ती चित्र नसलेली, नुसता आवाज. तेव्हा पेनड्राइव्हसारखीच कॅसेट भरून भेटे. कोरी कॅसेट, साठची, दुकानात नेऊन द्यायची, सोबत चिठ्ठीवर गाण्यांचे नाव, आणि आठ दिवसांनी घ्यायले जायचं. एका बाजूले तीस मिनिटं, म्हणजे पाच-सहा गाणे बसत आणि शेवटचं हमखास मधातच कापलं जाई. माझ्या कॅसेटमध्ये ए साईडचं शेवटचं गाणं म्हणजे 'चूडी जो खनकी', आणि ते दुसऱ्या अंतऱ्यात 'टक्' करून बंद होई. चार-पाच वर्षं मी ते गाणं तेवढंच ऐकलं. आज पुरं गाणं लागलं तरी त्या जागेवर माझा पाय पायडलवरून आपोआप उचलते, धागा ढिला पडते, आणि मग मले हसू येते.

त्या वर्षी भुलाबाईत आम्ही पोट्ट्यांनी मोठाच घोळ घातला होता. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई, रोज एकीच्या घरी गाणे, टिपऱ्या आणि मग खाऊचा डबा खुळखुळवून 'ओळखा काय आहे' म्हणायचं. बुढ्या बायांनी शिकवलेले गाणे झाले की आम्ही टेप लावून फाल्गुनीवर टिपऱ्या मारायच्या. आणि बसत होत्या बरं का! त्याच टिपऱ्या, तेच हात, काहीच बदलावं लागलं नाही. एका आजीनं विचारलं होतं, "कोणती बाई आहे वं ही, आपल्याच इकडची आहे का?" आम्ही म्हटलं हाव. ती गुजराती आहे, मुंबईत राहते, १९९४ मध्ये तिनं 'ता थैया' नावाचा स्वतःचा बँड काढला, लोक तिले दांडिया क्वीन म्हणतात, हे आम्हालेच कुठं माहीत होतं.

आता एकेका गाण्याचं सांगते. माझी रीत अशी आहे की ऐकायचे मार्क वेगळे आणि पाहायचे मार्क वेगळे, कारण मले दोन्ही वेगवेगळ्या टायमाले भेटले.

'याद पिया की आने लगी', १९९८ चा अल्बम, त्याच नावाचं गाणं, आमच्यासाठी ते 'चूडी'च. ऐकायले पाचपैकी साडेपाच देईन. सुरुवातीलेच आवाज असा वर जाते की मशीन चालू असलं तरी बाहेरच्या ओसरीत ऐकू येते. व्हिडिओत रिया सेन आहे, मुनमुन सेनची पोरगी आणि सुचित्रा सेनची नात. लहानच होती तेव्हा, आमच्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी असेल फार तं. पाहायले चार. एक मार्क याच्यासाठी कापला की मी मनात त्या गाण्याले जे अंगण, जी विहीर, जी पावसाची रात्र लावली होती ती टीव्हीवर नव्हती. त्यात त्यांची काही चूक नाही.

'मैंने पायल है छनकाई', १९९९. माझं सगळ्यात लाडकं आणि ऐकायले-पाहायले दोन्हीकडं पाच. हा व्हिडिओ मी दिवाळीत मामाकडे पाहिला, केबलवर. कॉलेजची पोरं आहेत, बाहुल्यांचा खेळ आहे, विवान भटेना आणि निखिला पालट, लाजणं, चोरून पाहणं, सगळं एकदम साधं. विवान पुढं सिरियलमध्ये, पिक्चरमध्ये दिसत राहिला. पण मले धक्का बसला तो दुसराच. मधामधात एक शर्ट-पॅन्टवाली, बॉबकट केलेली बाई गाणं म्हणून राहिली होती. मी मामेभावाले म्हटलं, ही कोण रे? तो म्हणे, हीच तं फाल्गुनी! मी म्हटलं काहीही सांगू नको. कारण वर्षभर मी तिले मनात घागरा घातला होता, लाल, आरशांचा, मोठ्ठा घेर, हातभर चूड्या. जिच्या गाण्यात चूडी आहे, पायल आहे, चुनर आहे, ती स्वतः यातलं काहीच घालत नाही! मग मात्र मी व्हिडिओतल्या पोरीकडं पाहणंच सोडून दिलं, तिच्याकडेच पाहत बसली. किती मोकळी दिसते ती, कुठं ओढणी सावरणं नाही, पदर खोचणं नाही, हात वर करून गाते.

'मेरी चुनर उड उड जाए', २००० चं. याच्यात आयेशा टाकिया आहे, तेव्हा शाळकरीच दिसते, पुढं सलमानसोबत पिक्चर केला तीच. आणि तिच्यासोबत जी दुसरी पोरगी आहे ती तृषा, जी नंतर तमिळ-तेलुगूत एवढी मोठी हिरोईन झाली. हे मले माझ्या पोरानं सांगितलं, तो साऊथचे डब पिक्चर पाहते ना, तो उडालाच, "आई ही तृषा आहे!" म्हणून. तोपर्यंत तो 'हे काय जुनं-पुराणं लावते' म्हणून तोंड वाकडं करत होता, मग चार वेळा मागे करून पाहिला. या गाण्याले ऐकायले चार, पाहायले पाच. यात दोन पोरींची दोस्ती जास्त आहे, पोराचं प्रकरण कमी, हे मले आवडते. तेव्हाच्या बाकीच्या अल्बमच्या व्हिडिओंमध्ये काय काय कपडे असत, घरात सासू-सासरे असले की रिमोट शोधावा लागे. फाल्गुनीचा व्हिडिओ लागला की कोणी उठून जात नव्हतं.

आणि 'इंधना विणवा'. हे गुजराती, गरब्यातलं, कवी राजेंद्र शाह यांनी लिहलेलं, सैयर म्हणजे मैत्रिणीले सांगणं की मी सरपण वेचायले गेली होती. याले व्हिडिओ आहे का, कसा आहे, मले घेणं नाही. आमच्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि मशीनजवळ येऊन बसल्या. म्हणे काय म्हणून राहिली ती, इंधन? म्हटलं हाव आत्याबाई, इंधन वेचायले गेली म्हणते. तं त्या म्हणे, आम्ही पण जात होतो ना, पऱ्हाट्या उपटून, तुराट्याचे भारे बांधून डोक्यावर, आता गॅस आला तरी पाणी तापवायले पऱ्हाटीच लागते. एवढं बोलून त्यांनी गाणं परत लावायले सांगितलं. भाषा येत नाही, एक शब्द ओळखीचा निघाला आणि बाई तिथंच बसली. पाच मार्क. सासूबाईंकडून सहा.

बाकीचे, 'ये किसने जादू किया' (२००२), 'सावन में' वगैरे, चांगले आहेत, वाईट एकही नाही, पण त्यांच्यासाठी मशीन थांबवावं असं होत नाही. चालू कामात ठीक.

आता सामानाच्या तक्रारी, कारण रिव्ह्यू त्याचाच आहे.

एक तं सांगितलंच, जुन्याच्या नावावर नवीन. दुसरं, तीन गाणे चालू होताच एक बाई कोणत्यातरी वेबसाईटचं नाव घेते, तेही इंग्रजीत, अशी खणखणीत की पहिल्या वेळेस मी दारात पाहिलं कोण आलं म्हणून. तिसरं, 'गरबा नॉनस्टॉप' नावाचं एक फोल्डर फुकटात टाकून दिलं, त्यात दर मिनिटाले एक जण ओरडते, डीजे अमुक, डीजे तमुक, इन द मिक्स. अरे बाबा तुले कोणी बोलावलं? त्यात फाल्गुनीचा आवाज इतका पळवला आहे की टिपरी मारायची तं हात मोडतील. मी टिपून पाहिलं, त्या पळवलेल्या गाण्यावर शिलाई मारली की टाके वाकडे पडतात, पाय आपोआप जोरात चालते. एक बाही उसवावी लागली. खोटं नाही सांगत.

चौथं, क्वालिटी. दुकानदार म्हणे '३२० ची टाकली ताई, एकदम ओरिजिनल', म्हणजे हा आकडा जितका मोठा तितका आवाज साफ अन् फाईल मोठी. माझ्या पोरानं कॉम्प्युटरवर लावून पाहिलं तं पाच मिनिटांचं गाणं पाच एमबीच्या आसपास. तो म्हणे ३२० चं असतं तं बारा एमबी तरी पाहिजे, हे १२८ चं आहे. ऐकताना मले तेवढा फरक कळत नाही, माझा स्पीकरच पत्र्याच्या डब्यासारखा वाजते, पण मंग ३२० म्हणायचं कायले? टेरीकॉट देऊन कॉटन म्हणायचं अन् वरून विचारायचं की ताई घाम येते का. पाचवं, व्हिडिओ. ऑडिओ सगळे चालतात पण व्हिडिओ आमच्या टीव्हीवर सहापैकी दोनच लागले, बाकीच्यांवर 'फॉरमॅट सपोर्ट नाही' असं येते. ज्याचा टीव्ही जुना आहे त्यानं भरतानाच सांगावं की एमपीफोर पाहिजे, जुन्या टीव्हीवर चालणारं.

चांगलं पण सांगते. पेनड्राइव्ह स्वतः मजबूत आहे, एकदा पाण्याच्या गुंडाजवळ पडला, पुसून लावला, चालू. भरला तो स्पीकरले चालेल असाच फॉरमॅट करून, नाही तं माझ्या नणंदेनं आणला होता तो तिचा स्पीकर वाचतच नव्हता. आणि लाईट गेली तरी स्पीकर बॅटरीवर चार तास वाजते, पेनड्राइव्हवर असल्यामुळे नेटची कटकट नाही. सध्या सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आहेत, बाया संध्याकाळी वावरातून येतात, ब्लाउज टाकायच्या निमित्तानं ओट्यावर बसतात, कंबर सरळ करतात आणि म्हणतात, "लाव वं ते चूडीवालं". मी लावते. मग कोणाचं माप घ्यायचं राहून जाते, कोणी उठतच नाही.

दुकानात परत गेली होती मी. भांडायले नाही, सांगायले. म्हटलं दादा मी फाल्गुनी म्हटलं होतं, तू नेहा दिली. तो म्हणे, ताई गाणं तं तेच आहे ना? म्हटलं तेच कसं असेल, तुझ्या लग्नात तुझ्या जागी तुझा भाऊ उभा केला असता तं चाललं असतं का? बाजूचे दोन पोट्टे खिदळले, तो पण हसला आणि बदलून दिलं, वेगळे पैसे घेतले नाही. तेवढ्यासाठी एकाचे दोन मार्क केले. नावं शोधून टाकते बिचारा, ऐकत नाही. गाण्याच्या नावासोबत साल पण लिहून द्या, १९९८, १९९९, २०००, आणि त्याच्याच दुकानात प्रत्येक गाण्याचे पहिले दहा सेकंद ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. दहाच सेकंदात कळते, फाल्गुनी असली की.

आणखी एक. दिराची पोरगी, नववीत आहे, तिच्या शाळेत यंदा गरबा आहे. जाऊबाईनं कापड आणून दिलं, केशरी, घागरा शिव म्हणून. पोरगी रोज शाळेतून आली की माझ्याजवळ बसते, व्हिडिओ जे दोन चालतात तेच पाहते. परवा हळूच म्हणे, "काकू, मले घागरा नको, तिच्यासारखं शर्ट-पॅन्ट शिवून दे ना, वरून जॅकेट." म्हटलं तुझ्या आईले कोण सांगन? म्हणे, "तूच सांग." जाऊबाई पहिले काऊन-काऊन करत आली, मग तिले 'पायल' लावून दाखवलं, ती तं माझ्याच वयाची, तिनं पण तेव्हा त्याच्यावर टिपऱ्या मारल्या आहेत. पाहता पाहता म्हणे, बरं, पण जॅकेटले आरसे लाव थोडे. पोरीनं विचारलं, काजं कोणत्या बाजूले करशील? म्हटलं लेडीजची उजवीकडे असतात. म्हणे नाही, जेन्ट्ससारखी, डावीकडे.

डावीकडे केली. कॉलर बसवायची राहिली आहे, ती आज करते. पेनड्राइव्ह काढून ठेवला आहे, कॉलरच्या टायमाले मी गाणं लावत नाही, टोक वाकडं जाते.